बाहुलीचे केस कुरळे करण्याचा संच : पट्ट्या घ्याव्यात, इस्त्री नको

कापडी बाहुल्या घरी बनवणाऱ्यांसाठी केसांचे तयार संच हल्ली ऑनलाइन बाजारात सहज मिळू लागले आहेत. विक्रेते निरनिराळे असले, तरी डबा उघडला की आतला माल बहुधा एकाच साच्याचा निघतो. कृत्रिम तंतूंच्या शिवलेल्या केसपट्ट्या, त्यांपैकी एखादी आधीच कुरळी केलेली, मुठीत मावेल एवढी विजेची इस्त्री, तारांचा ब्रश आणि फोमचे काही रोलर असा हा ऐवज असतो. मी मागवलेल्या संचात १५ सेंटिमीटर लांबीच्या केसांच्या आणि १०० सेंटिमीटर रुंदीच्या तीन सरळ पट्ट्या होत्या आणि त्याच मापाची एक कुरळी पट्टी होती. टपालखर्च धरून सुमारे साडेअकराशे रुपये पडले. निर्णय आधीच सांगून टाकते. सरळ पट्ट्या उत्तम आहेत, ब्रश कामापुरता आहे, कुरळी पट्टी फक्त मोठ्या बाहुलीला शोभेल अशी आहे आणि इस्त्रीसाठी वेगळे पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. फोमच्या रोलरांचा पुढे उल्लेखही येणार नाही, कारण ते बाहुलीच्या नव्हे, माणसाच्या डोक्याच्या मापाचे आहेत.

आपल्याकडच्या जुन्या लाकडी ठकीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिचे केस रंगाचेच असत. आणि घरी शिवलेल्या चिंध्यांच्या बाहुलीला काळी लोकर टाचून दोन वेण्या घातल्या की काम भागत असे. खरे केस वाटावेत असे केस, त्यांना भांग, बटा आणि वळणे, ही अपेक्षा व्हिनाइल या मऊ प्लास्टिकच्या कारखानी बाहुल्यांनी रुजवली. १९५९ साली बाजारात आलेल्या पहिल्या बार्बीचे केस सरान नावाच्या कृत्रिम तंतूचे होते, आणि जुन्या बाहुल्यांची दुरुस्ती करणारे संग्राहक गरम पाण्याची जी युक्ती आजही वापरतात, तीच पुढे कापडी बाहुल्यांच्या केसांसाठीही उपयोगी पडते. मात्र व्हिनाइलचे डोके गरम पाण्यात बुडवता येते आणि कापसाने भरलेले डोके बुडवता येत नाही. एवढ्या एका फरकामुळे कापडी बाहुलीच्या बाबतीत कामाचा क्रमच उलटा होतो, म्हणजे आधी केस कुरळे करायचे आणि मग ते डोक्यावर शिवायचे, आणि या संचासोबत आलेल्या माहितीपत्रकात नेमकी हीच गोष्ट लिहिलेली नाही.

प्रथम तंतूंविषयी. जाहिरातीत या पट्ट्यांना ‘रेशमी’ म्हटले होते. रेशमाचा त्यांच्याशी काही संबंध नाही, पण तंतू कोणता आहे हे कळल्याशिवाय त्याला उष्णता किती द्यायची हे ठरवता येत नाही, म्हणून घरच्या घरी दोन परीक्षा कराव्यात. पहिली परीक्षा वाटीभर पाण्याची. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तंतू नुसत्या पृष्ठताणावर तरंगत राहत नाहीत. मग बोटाच्या पेरभर लांबीचे चार-पाच केस कापून पाण्याखाली दाबून सोडावेत. पॉलिप्रॉपिलीनचा केस पाण्यापेक्षा हलका असल्याने वर येतो; पॉलिएस्टर, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक पाण्याहून जड असल्याने तळाशी बसतात. तरंगणाऱ्या केसांवर पुढची मेहनत घेऊ नये. कृत्रिम तंतूला वळण टिकते ते असे : तो एका ठरावीक तापमानाच्या वर मऊ पडतो, त्या अवस्थेत त्याला आकार दिला आणि तसाच धरून थंड केला की आकार कायम राहतो. पॉलिएस्टरसाठी हे तापमान साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस असते, म्हणजे घरातल्या पातेल्याच्या आवाक्यातले. पॉलिप्रॉपिलीनसाठी मात्र ते शून्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते; खोलीच्या तापमानालाच तो अर्धवट सैल असल्यामुळे गरम पाण्याने दिलेली बट फार काळ बट राहत नाही. स्वस्त बाहुल्यांचे केस काही दिवसांत झाडूसारखे का पसरतात, याचे एक उत्तर इथे आहे.

दुसरी परीक्षा जाळून पाहण्याची. ती चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून आणि मुले आसपास नसताना करावी. लोकर आणि मोहेर (एका जातीच्या शेळीचे केस) जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळत आक्रसते आणि कडक गोळी उरते; अ‍ॅक्रिलिक काळा धूर काढत भडकते. मोडअ‍ॅक्रिलिक, म्हणजे माणसांच्या टोपांसाठी आणि गंगावनांसाठी पुष्कळदा वापरला जाणारा तंतू, ज्योतीपासून आक्रसून दूर होतो आणि ज्योत काढून घेतली की विझतो. माझ्या संचातल्या सरळ पट्ट्यांचे केस पाण्यात बुडाले आणि ज्योतीत वितळून त्यांची कडक गोळी झाली, म्हणजे त्या पॉलिएस्टरच्या असाव्यात. कुरळ्या पट्टीचे केसही बुडाले, पण ते स्पर्शाला अधिक जाड आणि काहीसे मेणचट लागतात.

या कुरळ्या पट्टीची खरी अडचण तंतूची नसून मापाची आहे. मी ज्या बाहुल्या करते त्या साधारण ४० सेंटिमीटर उंचीच्या असतात, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईच्या एक चतुर्थांश. पट्टीवरच्या तयार बटांचा व्यास पट्टी टेबलावर सोडून मोजला, तर तो १५ मिलिमीटर भरतो. हे माप माणसाच्या डोक्यावर नेले की ६० मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ २-६ मापाच्या बांगडीएवढी एकेक बट. केसांना असे मोठे घेर एखाद्या लग्नाच्या स्वागतसमारंभात शोभतीलही, पण ज्याला आपण सर्वसाधारणपणे कुरळे केस म्हणतो त्याचे हे माप नव्हे. त्यात कापडी बाहुलीचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने अशी पट्टी चार फेऱ्यांत शिवली की डोक्याचा घेर फुगतो, चेहरा आत जातो आणि बाहुली टोप घालून उभी असल्यासारखी दिसते. ६० सेंटिमीटरच्या पुढच्या बाहुलीला ही पट्टी चालेल. त्याहून लहान बाहुलीसाठी सरळ पट्टी घ्यावी आणि वळणे स्वतःच द्यावीत.

त्यासाठी विणकामाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांइतके चांगले साधन मला दुसरे सापडलेले नाही. पूर्वी पुष्कळ जण शीतपेयाच्या प्लास्टिकच्या नळ्या वापरत. त्यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आणि त्यांच्या जागी आलेल्या कागदी नळ्या गरम पाण्यात लगदा होतात. सुयांचे मात्र नंबर ठरलेले आहेत. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाडीची आणि आठ नंबरची चार मिलिमीटरची. बट सुईवरून सोडली की ती थोडी सैल पडतेच, म्हणून जेवढ्या घेराची बट हवी असेल त्याहून एक नंबर बारीक सुई घ्यावी. आपल्याकडे नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते, हे विणकाम न करणाऱ्यांनी दुकानात लक्षात ठेवावे. धातूची सुई आतूनही उष्णता पोचवते, त्यामुळे बटेचा सुईला टेकलेला पदर कोरा राहत नाही. लाकडी काडीवर नेमका तो राहतो.

पट्टीचा हवा तेवढा तुकडा कापून घ्यावा आणि कापलेल्या टोकाची शिवण उसवू नये म्हणून तिथे लगेच दोन टाके घालावेत. मग केस पाण्याने ओलसर करून, सुईच्या जाडीच्या दुप्पट रुंदीची एकेक बट वेगळी घेऊन, टोकाकडून शिवणीकडे सुईवर गुंडाळत यावे. वेढे एकमेकांना टेकलेले पण एकमेकांवर न चढलेले असावेत. टोक आधी पातळ कागदाच्या घडीत धरले तर ते दुमडत नाही. हे दुमडलेले टोक नंतर कशानेही सरळ होत नाही आणि सबंध बटेचा दिमाख घालवते. शेवटचा वेढा सुती दोऱ्याने बांधावा. रबरबँड कधीही वापरू नये, कारण गरम पाण्यात त्याची खाच तंतूवर कायमची उमटते. सगळ्या सुया एका पसरट भांड्यात ठेवून वरून उकळून किंचित निवलेले पाणी ओतावे, झाकण ठेवून पाच-सात मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग सुया न हलवता गरम पाणी काढून त्यावर थंड पाणी ओतावे. आकार पक्का होतो तो थंड होताना, तापताना नव्हे. म्हणून गरम असतानाच उत्सुकतेपोटी एखादी बट सोडून पाहिली, तर तेवढी बट वाया जाते. रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी सुई फिरवत फिरवत बाहेर काढली की केस ताणले न जाता स्प्रिंगसारखी बट मोकळी होते. तिला फणी लावायची नाही. बोटांनी तिचे दोन किंवा तीन पदर करावेत; त्यानेच केसांना भर येतो.

या कसोटीवर संचातल्या सरळ पट्ट्या खणखणीत उतरल्या. चार मिलिमीटरच्या सुईवर केलेल्या बटा मोकळ्या झाल्यावर साधारण पाच मिलिमीटरच्या झाल्या आणि भर पावसाळ्यातही तशाच राहिल्या. तंतू बारीक आहे, चमक आहे पण डोळ्यांवर येत नाही, आणि शिवणीतून केस गळण्याचे प्रमाण नगण्य आहे. शिवणीवर गोंदाचा पातळ थर असतो. तो गरम पाण्याने थोडा पांढरट पडतो, पण डोक्यावर शिवल्यावर दिसत नाही. दोष सांगायचा तर रंगाचा. ‘काळा’ म्हणून आलेल्या पट्टीला निळसर झाक आहे, आणि गव्हाळ कापडाच्या चेहऱ्यावर ती परकी वाटते. गडद तपकिरी पट्टी सावलीत काळीच दिसते आणि उजेडात खऱ्या केसांसारखी उजळते. भारतीय चेहऱ्याच्या बाहुलीला माझ्या मते तोच रंग योग्य.

इस्त्रीबद्दल मात्र हात आखडता घेऊन लिहिण्याची गरज नाही. तिच्या पट्ट्या जेमतेम पेन्सिलभर रुंदीच्या आहेत, हे लहान डोक्याच्या दृष्टीने सोयीचेच म्हणावे लागेल. पण तिला तापमान कमीजास्त करण्याची कळ नाही, आयएसआयची खूण नाही, आणि तिची चपटी पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नसल्याने जोडणी वेगळी घ्यावी लागते. माणसांच्या केसांची इस्त्री साधारण १८० ते २३० अंशांपर्यंत तापते, आणि पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या थोडे पुढे गेले की वितळतेच. ही छोटी इस्त्री किती तापते ते कुठेच छापलेले नाही. टाकाऊ बटेवर लावून पाहिली तेव्हा पहिल्या काही सेकंदांत वळण आले, आणि त्याच जागी पुन्हा फिरवल्यावर केसांची टोके एकमेकांना चिकटून खडबडीत, चकाकती गाठ तयार झाली. गरम पाण्याची मोठी खुबी ही, की ते १०० अंशांपलीकडे जाऊच शकत नाही. पाण्याच्या ठायी असलेली ही मर्यादाच पॉलिएस्टरच्या केसांचे रक्षण करते. इस्त्रीचा उपयोग करायचाच असेल तर तो फक्त कपाळावरच्या चार केसांना बाक देण्यापुरता, आणि तोही ओल्या सुती कापडाची घडी मध्ये ठेवून करावा.

तारांचा ब्रश पाळीव कुत्र्यामांजरांसाठी विकल्या जाणाऱ्या ब्रशासारखाच आहे. तो केसपट्टीसाठी निरुपयोगी, पण लोकरीसाठी आवश्यक आहे. चार पदरी अ‍ॅक्रिलिक लोकरीचे पदर सोडवून त्यावर हा ब्रश फिरवला की धाग्याचे मऊ, झुपकेदार केस होतात. पहिल्या दिवशी त्याच्या दोन-तीन तारा वाकल्या. नंतर त्रास झाला नाही.

आता हा संच न घेता काय करता येईल, तेही पाहिले पाहिजे, कारण ज्यांना एकदोनच बाहुल्या करायच्या आहेत त्यांनी एवढा खर्च का करावा? अ‍ॅक्रिलिक लोकरीचा एक गुंडा कोणत्याही गावात मिळतो आणि बारीक नागमोडी केसांसाठी त्याच्यासारखा सोपा मार्ग नाही. दहा नंबरच्या सुयांवर साधा तळहाताएवढा तुकडा विणावा, चाळणीत ठेवून मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि उसवावा. धागा विणीतला प्रत्येक वळसा तसाच घेऊन बाहेर येतो. पाठीवर मोकळे सोडलेले असे केस लहान मुलीच्या बाहुलीला फार गोड दिसतात. यात सुटी, गोल बट मात्र मिळत नाही, आणि मुलांनी हाताळल्यावर लोकर पिंजारते.

मोहेर ही या क्षेत्रातली सर्वांत मानाची वस्तू. अंगोरा जातीच्या शेळीचा हा केस; त्याला स्वतःचीच चमक आणि वळण असते, आणि युरोपातल्या जुन्या बाहुल्यांच्या टोपांमध्ये तो फार वापरला गेला. परंतु किंमत आणि हवामान दोन्ही आपल्या विरुद्ध आहेत. लोकर असो वा मोहेर, पाण्याने आणि वाफेने दिलेले वळण हे मुख्यतः तंतूतल्या अशा बंधांवर टिकून असते की जे दमट हवेत पुन्हा सैल होतात. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात मोहेरची नेटकी बट पाहतापाहता अळसावते. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेत तीच महिनोन्‌महिने टिकू शकते. शिवाय कसर लागण्याची भीती वेगळीच.

आपल्या मातीतला एक पर्याय मात्र या संचविक्रेत्यांच्या गावीही नसतो, तो म्हणजे घोंगडीची लोकर. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ, आखूड आणि पुष्कळदा नैसर्गिक काळी किंवा करडी असते. राठपणामुळे ती अंगाला टोचते. पण बाहुलीच्या डोक्यावर टोचण्याचा प्रश्न येत नाही आणि तोच राठपणा केसांना उभारी देतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात, न चोळता, दोन-तीन पाण्यांनी धुतली की तेलकटपणा आणि वास पुष्कळ कमी होतो. आखूड असल्यामुळे तिची लांब वेणी होत नाही, परंतु मानेपर्यंतचे दाट कुरळे केस, विशेषतः म्हाताऱ्या बाईच्या बाहुलीचे करडे केस, तिच्याइतके खरे दुसऱ्या कशाचेच वाटत नाहीत. घोंगडी विणणारे ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तीच खळ पातळ करून बटांना लावण्याचा मोह होतो, पण साठवणीत ती किड्यांना आमंत्रण देते, म्हणून बाहुलीवर ती टाळलेलीच बरी.

पट्टी डोक्यावर शिवताना कुरळ्या केसांचा हिशेब सरळ केसांपेक्षा वेगळा करावा लागतो. माझ्या बाहुलीच्या डोक्याचा घेर २६ सेंटिमीटर आहे. मानेच्या वरून सुरुवात करून गोलगोल टाळूकडे जाताना फेऱ्या लहान होत जातात, आणि दोन फेऱ्यांत दीड सेंटिमीटरचे अंतर ठेवले तर १०० सेंटिमीटरची एकच पट्टी पुरते. सरळ केसांसाठी हे अंतर निम्म्यावर आणावे लागते, नाहीतर मधले कापड दिसते. कुरळ्या केसांत ते दिसत नाही, उलट फेऱ्या दाट घातल्या की मघाशी सांगितलेली फुगलेल्या डोक्याची आपत्ती ओढवते. कपाळावरची शेवटची फेरी शिवण आत वळवून, केस मागे पाडून शिवावी. मधोमध भांग हवा असेल तर मात्र पट्टीने तो स्वच्छ निघत नाही. तिथे शेवटची बोटभर जागा मोकळी ठेवून सुटे केस सुईने एकेक करून ओवावे लागतात, आणि हे काम संध्याकाळच्या उजेडात करू नये.

गरम डिंकाच्या बंदुकीने पट्ट्या चिकटवण्याची शिफारस माहितीपत्रकात आहे. ती वेळ वाचवते, हे खरे. पण वाळलेल्या डिंकाची कड कुरळ्या केसांतून चमकते आणि पुढे कधी वाफेने बटा ठीक कराव्यात म्हटले तर डिंक पहिल्यांदा सैल पडतो. शिवावेच.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल तक्रार थोडीच आहे. इस्त्रीच्या पिनेबद्दल विचारणा केली तेव्हा दोन दिवसांनी उत्तर आले, जोडणी पाठवण्याची तयारी दाखवली गेली, ती आली मात्र नाही. याच पट्ट्या त्यांच्याकडे सुट्याही मिळतात आणि १५ सेंटिमीटरबरोबर २५ सेंटिमीटर लांबीच्याही असतात. सुईवर गुंडाळलेल्या केसांची लांबी निम्म्याहून अधिक आक्रसते. १५ सेंटिमीटरचे केस कुरळे झाल्यावर माझ्या बाहुलीच्या जेमतेम हनुवटीखाली येतात आणि खांद्यापर्यंत बटा हव्या असतील तर २५ सेंटिमीटरचीच पट्टी लागते. पुढची मागणी मी तशीच नोंदवली आहे : सुट्या पट्ट्या, २५ सेंटिमीटर, गडद तपकिरी.